गच्चीवरचं ऊन

जाळी पुन्हा गुंडाळून ठेवलेली होती.

मी गच्चीच्या दारात उभी राहिले आणि ऊन लागायच्या आधीच माझं डोकं तापलं. कठड्याला बांधलेल्या दोऱ्या सोडलेल्या, हिरव्या जाळीची नीट वळकटी पाण्याच्या टाकीमागे, आणि मोकळ्या गच्चीभर प्लास्टिकच्या कागदांवर कुरडया, मुगाचे पापड, ज्वारीच्या पापड्या. मधोमध डोक्याला पदर गुंडाळून कुसुमकाकू सोऱ्या दाबत बसल्या होत्या. भोवती त्यांच्या नेहमीच्या बायका. एप्रिल नुकता लागला होता. अकोल्याचा एप्रिल ज्याला भोगावा लागला नाही, त्यानं गेल्या जन्मी काहीतरी बरं केलेलं असतं.

"काकू, जाळी कोणी काढली?"

"चपला काढून ये वो," काकू मान वर न करता म्हणाल्या.

वाळवणात पायात काही घालून यायचं नाही, हा त्या गच्चीचा कायदा होता. मी चपला काढल्या, चार पावलं टाकली आणि उड्या मारत दाराशी परत आले. बायका पदराआड हसल्या. मी तणतणत खाली उतरले.

ती जाळी आम्ही लावली होती. आम्ही म्हणजे 'ताथोड असोसिएट्स', पर्यावरणपूरक इमारतींचे सल्लागार. बोर्ड मोठा होता, माणसं तीनच: ताथोड सर, साजिद आणि मी. सर पन्नाशीचे आर्किटेक्ट. साजिद नकाशे काढायचा, बांबूची मॉडेलं करायचा आणि ऑफिसचं कुलूपही उघडायचा. मी पुण्याहून ताजी पदवी घेऊन आपल्या गावी परतलेली, त्यामुळे जगातलं सगळं मलाच कळतं अशा थाटात वावरणारी. इमारत विजेशिवाय गार कशी राहील, ऊन कुठून अडवावं, वारा कुठून घ्यावा, हे लोकांना सांगायचं आमचं काम. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "गर्मी होते त कूलर घ्या न बाप्पा, सल्ला कायले पाह्यजे?"

त्यांचंही चुकत नव्हतं. आमचं स्वतःचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली होतं. जगाला गारवा सांगणारी आम्ही तीन माणसं दुपारी ओले टॉवेल मानेवर घेऊन बसायचो. लोकांघरचं लग्न लावणारा भटजी स्वतः बिनलग्नाचा, असला प्रकार.

त्यात सरांची एक पद्धत होती आणि तिचा मला मनस्वी कंटाळा यायचा. कुठल्याही जागेचा सल्ला द्यायच्या आधी सर तिथे अख्खी दुपार बसून काढायचे. खुर्चीवर नाही, जमिनीवर, चटई टाकून. पंखा बंद. बोलायचं नाही, मोजायचं नाही, नुसतं बसायचं. "घर आधी अंगाला कळू द्या, मग कागदाला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोकांना ते विचित्र वाटायचं. एका घरी तर म्हातारीला वाटलं की हे बँकेकडून जप्तीला आलेत, आणि तिनं आमच्या देखत दागिन्यांचा डबा कणगीत लपवला. आता आमच्याकडे बरीच माणसं आहेत आणि मी नव्या पोरांना असंच बसायला पाठवते. ती मागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण तेव्हा मीही तेच म्हणायची.

ऑफिससमोरच्या दारात अढाऊ राहायचे. अण्णाजी अढाऊ आणि कुसुमकाकू. अण्णाजींचा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेला. बॉयलरपुढे उभं राहून ज्या माणसानं उन्हाळ्याला कधी भीक घातली नाही, त्याची छाती म्हातारपणी कापसाच्या धुळीनं निकामी झाली होती. चार शब्द बोलले की धाप लागायची. जिना उतरणं केव्हाच बंद झालेलं. दारात आरामखुर्ची टाकून ते येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायचे. माझं नाव त्यांनी 'थंड्या हवेची मॅडम' ठेवलं होतं.

हे भारनियमनाचे दिवस. भर दुपारी वीज जायची ती चहाच्या वेळेला परत यायची. आदल्या मे महिन्यात अशाच एका दुपारी कूलर बंद पडला आणि अण्णाजी पलंगावरच बेशुद्ध झाले. साजिदनं आणि सरांनी त्यांना चादरीत घालून खाली उतरवलं. दवाखान्यात बर्फाच्या पिशव्या लावून कसाबसा जीव राखला. डॉक्टरांनी सांगितलं की अशी दुपार यांना पुन्हा सोसणार नाही.

त्यांचा मुलगा गजानन पुण्याला नोकरीत होता. त्यानं तेव्हाच दोघांना नेलं. पावसाळा लागल्यावर अण्णाजी हट्ट करून परत आले, आणि या वर्षी जायला साफ नकार देऊन बसले. गजाननही त्यांचाच मुलगा. एप्रिलअखेर येतो, तिकिटं काढूनच येतो, दुपारी वीज नसताना खोलीत माणूस राहू शकतो असं दिसलं तर ठीक, नाहीतर उचलून नेतो आणि घर विकून टाकतो, असं त्यानं फोनवर सांगितलं. अण्णाजींनी ते सरांना सांगितलं. सर त्याच दुपारी चटई घेऊन त्यांच्या घरात जाऊन बसले.

उठले तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. "भिंतींचं काही नाही," सर म्हणाले. "सगळा जाळ डोक्यावरून येतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि यांच्या अंगावर ओकतो. गच्चीवर सावली केली पाहिजे."

मला तर हे बसल्याशिवायच माहीत होतं. मी आकडेमोड करून जाडसर हिरवी जाळी निवडली, साजिदनं ती गच्चीभर ताणून बांधली, आणि दुसऱ्याच दिवशी अण्णाजींच्या खोलीतला छताचा कढ उतरला. मी खूश. माझं पहिलंवहिलं स्वतंत्र काम, आणि लागू पडलेलं.

फक्त एक गोष्ट आमच्या तिघांच्याही डोक्यात आली नव्हती. ती गच्ची कुसुमकाकूंची होती. कागदोपत्री नव्हे, पण अर्ध्या गल्लीला माहीत होतं. संक्रांत झाली की काकू आणि त्यांच्या तीन-चार मैत्रिणी गच्चीवर चढायच्या ते मृग लागेपर्यंत. लग्नघरांच्या रुखवताचं वाळवण काकूंकडे, पोरीबाळींना सासरी पाठवायचे पापड काकूंकडे. नव्या सुना कुरडईचा चीक शिजवताना कुठवर हाटायचा ते विचारायला तीन जिने चढून यायच्या. आणि कुरडईला तर एकाच दिवसाचं कडक ऊन लागतं. ते मिळालं नाही तर ती आंबते, काळी पडते.

जाळीखालचा पहिला घाणा आंबला. काकूंनी तो मुकाट्यानं गाईला घातला. आणि त्यानंतर जाळी रोज सकाळी गुंडाळलेली दिसायला लागली. संध्याकाळी ती पुन्हा बांधलेली असायची, पण संध्याकाळच्या सावलीचं काय लोणचं घालायचं?

त्या दिवशी मात्र माझा संयम संपला. खाली येऊन मी अण्णाजींच्या खोलीत डोकावले. वीज गेलेली होती. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि पाठ धापेनं वरखाली होत होती. मी तशीच परत वर गेले. या वेळी चपला घालूनच.

"काकू, खाली अण्णाजींची काय अवस्था आहे ते पाहिलंत का? गजाननदादा येऊन त्यांना घेऊन जाईल तेव्हा कळेल तुम्हाला. पापड त्यांच्यापेक्षा मोठे झाले का?"

बायकांचे हात थांबले. काकूंनी सोऱ्या खाली ठेवला.

"मी नाही काढली जाळी," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी तुमचाच साजिद काढते. मले वाटलं, तुमीच सांगतलं त्याले. मंग मीनं म्हटलं, मोकळं हाय त टाकून घ्याव."

अर्धवट ओल्या कुरडया त्यांनी एकेक करून परातीत उचलल्या, बायकांना घरी जायला सांगितलं, आणि स्वतःच्या हातानं जाळीच्या दोऱ्या कठड्याला बांधायला लागल्या. बेबीताई म्हणून त्यांची मैत्रीण होती, कंबरेनं अधू. तिनं विचारलं, बाजारगल्लीच्या लग्नाच्या वाळवणाचं काय सांगू? काकू म्हणाल्या, सांग म्हणावं यंदा कुसुमच्यानं होत नाही.

मी खाली आले ती सरळ साजिदवर. तो बांबूला पॉलिश करत होता.

"तू काढतोस जाळी?"

साजिदनं पॉलिशचा बोळा बाजूला ठेवला आणि समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. "मला काय विचारता मॅडम, त्यांना विचारा. रोज सकाळी कुलूप उघडायला आलो की अण्णाजी हाक मारतात. वर जाऊन जाळी सोड, संध्याकाळी परत बांध म्हणतात. तिला सांगशील तर याद राख म्हणतात. आता त्यांना नाही कसं म्हणू?"

मी अण्णाजींच्या पलंगाजवळ जाऊन बसले. ते तसेच भिंतीकडे वळलेले. मी बरंच काही ऐकवायचं ठरवून आले होते, पण त्यांनीच विचारलं, "वरतं काय झालं? बाया लवकर उतरल्या."

मी झालं ते सांगितलं. काकूंनी काम बंद केल्याचंही. ते कष्टानं उठून बसले.

"तू तिले बोलली?"

"हो. तुम्ही असे भाजत पडलात आणि जाळी तुम्हीच काढायला लावता? मग पुण्याला का जात नाही? तिथं तरी गार असतं."

"पुणं मस्त हाय," अण्णाजी म्हणाले. "मागच्या वर्सी मले तथी एकदाबी धाप लागली नाही. गजू चांगला हाय, सूनबाई चांगली हाय. मी तथी धा वर्स जगीन."

"मग?"

त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"ती तथी गॅलरीत उभी राह्ये, बाई. दिवसभर. खालच्या गाड्या पाह्ये. एक दिवस मले म्हने, अवो, इथं मले कोनी नाव घेऊन हाकच मारत नाही. इथं चार बाया तिले इचारल्याबिगर मीठ टाकत नाहीत. मी पुण्याले गेलो त तिले यावंच लागते. मी इथं राह्यलो त ती इथं राह्यते. मंग मी राह्यतो. जाळीपायी तिची गच्चीच गेली, त मी इथं राहून फायदा काय?"

साऱ्या बिल्डिंगनं त्या माणसाला हट्टी म्हातारा ठरवलं होतं. गजानननं, डॉक्टरांनी, मीसुद्धा. तो बायकोसाठी आतल्या आत भाजून घेत होता आणि ती त्याच्यासाठी वर हात आखडून बसली होती. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"तिले सांगू नको," अण्णाजी म्हणाले. मी हो म्हटलं आणि ऑफिसात जाऊन ताबडतोब सरांना सांगितलं.

सर म्हणाले, "आपण खोलीत बसलो, गच्चीवर कोणीच बसलं नाही. अर्ध्याच घराचा सल्ला दिला आपण." आणि माझ्याकडे पाहून, "उद्या तुम्ही बसा."

"गच्चीवर? दुपारी?"

"छत्री न्या," सर म्हणाले.

मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी जाळी काढलेलीच होती, पण या वेळी काकूंनीच. कुरडईचे गहू तीन-तीन दिवस भिजत घालावे लागतात आणि भिजलेले गहू काही टाकून देता येत नाहीत. हा शेवटचा घाणा, असं त्यांनी बायकांना सांगितलं होतं. मी छत्री उघडून कठड्याशी बसले. चपला दाराशी. काकूंनी मला पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि थोड्या वेळानं कोऱ्या चिकाची वाटी माझ्यापुढे आणून ठेवली. तेल-तिखट घालून. काकूंचं भांडण एवढंच टिकायचं.

ऊन चढलं तशी मला पाय ठेवायला जागा उरेना. छत्रीची सावली डोक्यापुरती. मी पाय आखडले, ओढणीवर ठेवले, पाणी ओतून पाहिलं. शेवटी उठून जवळच्या बाजेपाशी गेले. गच्चीवर बाज एकच होती, बेबीताईची. कंबरेमुळे तिला खाली वाकता यायचं नाही, म्हणून तिच्या एकटीच्या कुरडया बाजेवर जुनं धोतर अंथरून त्यावर घातलेल्या असत. मी कठड्याला टेकले आणि पाय बाजेखाली सरकवले.

आणि पाय भाजायचे थांबले.

आधी मी नुसतं सुख घेतलं. मग वाकून बाजेखाली हात ठेवला. तिथला स्लॅब कोमट होता. वीतभर पलीकडे, उन्हात, हात टेकवत नव्हता. मी बाजेवरची एक कुरडई उचलली. ती वरूनही वाळली होती आणि खालूनही, कारण खालून वारा जात होता. जमिनीवरच्या प्लास्टिकवरची उलटून पाहिली, तर पाठ अजून चिकट होती. ऊन एकच होतं. वर कुरडईनं घेतलं होतं, त्यामुळे खाली स्लॅबला उरलंच नव्हतं. आम्ही ते ऊन वाया घालवण्यासाठी हिरवी जाळी विकत आणली होती.

"काकू," मी ओरडले, "सगळ्यांच्याच कुरडया बाजेवर घातल्या तर?"

"एवढ्या बाजा कुठून आणू वो?"

मी अनवाणी, तशीच, जिना उतरून सरांकडे धावले. पायाला फोड आलेत हे मला संध्याकाळी कळलं.

पुढचा आठवडाभर ताथोड असोसिएट्सनं दुसरं काही केलं नाही. दुसरं काही करायला नव्हतंही. साजिदनं गच्चीभर बांबूचे मांडव उभे केले, बाजेसारखेच, पण एकाला एक लागून. त्याच्या नकाशात उंची छातीएवढी होती. काकू वर आल्या, मांडवाशी उभ्या राहिल्या, हात लांब केला आणि म्हणाल्या, "मी काय पतंग उडवून राह्यली का? खाली घे." मग रुंदीवरून जुंपली. साजिदला वाटा कमी हव्या होत्या, म्हणजे सावली जास्त. काकूंचं म्हणणं, माझा हात मधल्या कुरडईपर्यंत पोचला पाहिजे. दोघांनी मिळून बांबू तीनदा सोडून बांधले. शेवटी काकूंच्या हाताचं माप हेच आमचं माप ठरलं, आणि नकाशात साजिदनं ते तसंच लिहिलं: 'काकूंचा हात'.

अंथरायला बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरानं जुनं सुती लुगडं नाहीतर धोतर दिलं. वाऱ्यानं पापड उडू नयेत म्हणून काठाला बांबूची पट्टी ठोकली. मांडवाखालच्या स्लॅबला चुन्याचे हात द्यायचे होते. ते सरांनी लुंगी नेसून, रांगत, स्वतः दिले. जिना उतरून खाली आले तेव्हा भुवयांपर्यंत पांढरे झाले होते. अण्णाजींनी खुर्चीतून पाहिलं आणि विचारलं, "ताथोड, सल्ला द्याले एवढं रंगा लागते काय?" त्यांच्या खिडकीला वाळ्याची टाटी लावली, हातानं पाणी मारायची.

पहिल्या घाण्याच्या दिवशी काकूंनी दुपारीच मांडवावरची कुरडई उचलली, कानाशी धरून मोडली आणि आवाज ऐकला. मग बेबीताईला म्हणाल्या, "बाजारगल्लीत निरोप दे. होते म्हणावं." खाली मी स्टुलावर चढून अण्णाजींच्या छताला तळहात लावला. तिथे तो ठेवता आला, आणि ठेवून उभं राहता आलं.

गजानन आला तेव्हा महिना संपत आला होता आणि ऊन अगदी भरात होतं. रात्रभर गाडीत अवघडलेला, डोळे लाल. जुन्या चपला दाराशी नीट जोडून ठेवणारा साधा माणूस. मी त्याला वर नेऊन मांडव दाखवले, उन्हाचा हिशेब समजावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही खूप केलंत," तो स्वच्छ पुणेरीत म्हणाला. "पण मागच्या वर्षी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते मला ओळखत नव्हते. बर्फात ठेवलं होतं त्यांना. मला वडिलांवर प्रयोग करायचा नाही. उद्याची तिकिटं आहेत."

त्याचं काही चूक नव्हतं. सरांनी चटईची गुंडाळी सोडली.

"दुपारभर बसा फक्त," ते म्हणाले. "तुमच्या अंगाला काय वाटतं ते संध्याकाळी सांगा. नेतो म्हणालात तर मी स्वतः स्टेशनवर सोडायला येतो."

बाराच्या सुमाराला वीज गेली. कूलर घरघरत थांबला आणि खोली एकदम शांत झाली. अण्णाजी पलंगावर, भिंतीला टेकून. गजानन चटईवर. सर आणि मी दाराशी. काकू टाटीवर पाणी मारत होत्या. अण्णाजींनी मला जे सांगू नको म्हटलं होतं, ते काकूंना कधीच कळलं होतं की काय, कोण जाणे. त्या माझ्याकडे एकदाही पाहत नव्हत्या.

सुरुवातीला गजानन चौकशी अधिकाऱ्यासारखा बसला. छताला हात लावून आला. आम्ही भिंतीला लावलेला तापमापक जवळून पाहिला. बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि चटका बसल्यासारखा आत आला. दर थोड्या वेळानं वडिलांकडे बघायचा. अण्णाजी त्याला गावातल्या बातम्या सांगत होते. कोण गेलं, कोणाचं जमलं, कोणी भाऊबंदकीत शेताच्या धुऱ्यासाठी, म्हणजे वीतभर बांधासाठी, डोकी फोडली. धाप लागत नव्हती असं नाही. पण वाक्य पुरं होत होतं.

मग गजानन आडवा झाला. पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणाला. डोळ्यांवर हात घेतला. अण्णाजींनी आवाज हळूहळू कमी केला आणि बोलणं थांबवलं. वरून बायकांची कुजबुज ऐकू येत होती. टाटीवरून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं होतं की मी त्या दुपारी घड्याळाकडे बघून बघून मरेन, पण मीही कधीतरी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

चहाच्या वेळेला वीज आली. कोपऱ्यातला कूलर धाडकन सुरू झाला, पत्रा खडखडायला लागला, आणि गजानन दचकून कुशीवर वळला. त्याचे डोळे मिटलेलेच होते. पुणेरी कुठल्या कुठे पळाली होती.

"माय," तो झोपेत कुरकुरला, "बंद कर न वो तो कूलर. कायचा गोंगाट हाय. चांगली झोप लागली होती."

अण्णाजींनी काकूंकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत मी त्या दोघांना एकमेकांकडे असं सरळ पाहताना पाहिलं नव्हतं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"कर बंद," अण्णाजी हळूच म्हणाले. "पोरगं झोपलं हाय."

काकूंनी उठून कूलर बंद केला. मग पदर कंबरेला खोचला, परात उचलली आणि कुरडया उलटायला गच्चीवर गेल्या.